मेल्याचं स्त्रीलिंग

“शिवी द्याची त द्या वो बाई, पण निदान बाईची त द्या! मी बाईमाणूस, मले मेल्या काय म्हंता?”

सिस्टर वानखडे माझ्या उजव्या हाताची बोटं एकेक करून उलगडत होत्या. बोटं मिटून बसली होती आणि उघडायची त्यांची अजिबात इच्छा नव्हती. कळ आली म्हणून मी ओरडले. मला म्हणायचं होतं, ‘हळू’. तोंडातून निघालं, “मेल्या!”

“पाहा, परत!” सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी पुढचं बोट धरलं.

माझ्या डोक्यात सगळं शाबूत होतं, हे आधी सांगून ठेवते. मी शिवणकाम करणारी बाई. कुठे क्लास केला नाही. एक जुनं झंपर उसवून बघितलं, पुन्हा जोडलं, तेवढंच शिक्षण. तेव्हा माझ्या भाषेत सांगायचं तर शब्द सगळे कपाटात घडी घालून जागच्या जागी होते. मला दिसत होते. पण काढायला हात घालावा तर हाताला दर वेळी तेच एक कापड लागायचं. पाणी हवं असलं तरी मेल्या, खिडकी लावा म्हणायचं असलं तरी मेल्या. एकदा ट्रस्टचे अध्यक्ष मोसंबी घेऊन आले. “कशा आहात ताई?” त्यांनी वाकून विचारलं. मी डावा हात कपाळाला लावला आणि अत्यंत आदरानं म्हणाले, “मेल्या.”

मोसंबी ठेवून ते लगेच गेले.

आमच्या कोकणातल्या बाईला हा शब्द नवा नाही. दूध पिऊन गेलेल्या मांजराला, वेळेवर न आलेल्या एसटीला आणि नवसाला न पावलेल्या देवालाही आम्ही तो लावतो. त्यात मरणाबिरणाचा काही संबंध नसतो. पण सिस्टर अकोल्याकडच्या. नवऱ्याची बदली झाली म्हणून इकडे आलेल्या. त्यांच्याकडे मेला म्हणजे मेलाच. आणि दवाखान्यात, खाटेला खाट लागून माणसं पडलेली असताना, तो शब्द दिवसभर ऐकायला कुणालाच आवडत नव्हता.

माझ्या नवऱ्याची तर सगळ्यांना दया यायची. हे खाटेशेजारी स्टुलावर बसलेले असायचे. मी मेल्या म्हटलं की खाली बघून शर्टाचं बटण चाचपायचे. ना चिडायचे, ना मला गप्प करायचे. भेटायला येणाऱ्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. एवढी सेवा करतो, आणि ही बघा.

ह्यांची नोकरी वीज मंडळात लाइनमनची. तेव्हा निवृत्त झाले होते. मी अंगणात पडले तेव्हा वाडीतली माणसं जमली. कुणी म्हणालं अंगावरून वारं गेलं, कुणी म्हणालं खिडक्या लावून घ्या, कुणी मोहरीचं तेल गरम करायला चूल पेटवली. ह्यांनी माझा उजवा हात उचलून सोडला, तो पडला. उजवा पाय उचलून सोडला, तोही पडला. मग म्हणाले, “एक फेज गेलीय. दिव्याला तेल चोळून काय उपयोग? फॉल्ट मागे लाइनवर असतो.” आणि शेजारच्या रिक्षात घालून मला खाडीच्या पुलावरून थेट तालुक्याला, ह्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात आणलं. वेळेत आणलं म्हणून जीव वाचला, असं पुढे सगळे म्हणाले. जीव वाचला. फक्त बोलणं एका शब्दावर येऊन थांबलं.

पक्षाघाताच्या रुग्णांसाठी वेगळी खोली त्या हॉस्पिटलात नुकतीच सुरू झाली होती. खाटा सहाच. आधी असे रुग्ण कुठेही पडायचे. कुणी बाळंतिणीशेजारी, कुणी मोडक्या पायाशेजारी. सिस्टर वानखडे बाहेर कुठे तरी प्रशिक्षण घेऊन आल्या आणि त्यांनी ह्या खोलीला वळण लावलं. कोणत्या कुशीवर किती वेळ ठेवायचं, पडलेल्या हाताखाली उशी कशी द्यायची, कधी बसवायचं, सगळ्याचा नियम. मदतीला आणखी एक नर्स, एक मावशी, बस. आणि नियम पाळायला रुग्ण तयार असायचे, कारण त्यांना पळून जाता येत नव्हतं. नातेवाईक मात्र ऐकायचे नाहीत. सिस्टरांचा निम्मा दिवस त्यांच्याशी भांडण्यात जायचा, आणि उरलेल्या निम्म्यात त्या आमची कामं करायच्या.

डॉक्टर पोंक्षे दर सोमवारी शहरातून यायचे. तरुण, सभ्य, नेहमी घाईत.

“बोलण्यात काही फरक?” त्यांनी माझ्या खाटेशी विचारलं.

“नाई सर. अजून तेच.”

“तोच शब्द?”

“तोच.”

त्यांनी खिशातलं पेन माझ्यासमोर धरलं. “ताई, हे काय आहे?”

ते पेन होतं. निळ्या टोपणाचं, टोपण चावून चावून चपटं केलेलं. एवढा शिकलेला माणूस टोपण चावतो ह्याचं मला हसूही आलं. मी म्हणाले, “मेल्या.”

“आपण बोलतो ते त्यांना कळतं का?”

“सगळं कळते, सर.”

“कशावरून?”

“डोळ्यावरून.”

“डोळ्यांवरून मला पेपरवर लिहिता येत नाही, सिस्टर.” डॉक्टर वाईट बोलले नाहीत, थकून बोलले. “बाहेर जनरल वॉर्डात जमिनीवर गाद्या टाकून लोक ह्या खाटांची वाट बघतायत. सुधारणाऱ्याला आधी जागा द्यायला हवी. पुढच्या सोमवारपर्यंत बघू. काहीच फरक नसला तर घरी जाऊ दे. व्यायाम घरीही करता येतात.”

हे सगळं माझ्या उशाशी उभं राहून, माझ्या अंगावरून पलीकडे बोलणं चाललं होतं. घरात नको असलेल्या कपाटाबद्दल बोलावं तसं.

घर खाडीपलीकडे. तिथे बोटं उलगडणारं कोणी नव्हतं. हे पेज करून भरवतील आणि माझ्याकडे बघत बसतील. शिवणयंत्रावर चादर पडेल. चार बायका येतील, ‘कळत नाही हो बिचारीला काही’ असं म्हणतील, आणि रोज ऐकून ऐकून एक दिवस मलाही ते पटेल. मला कशाची भीती होती तर ह्याची. मरणाची तेवढी नव्हती.

सिस्टरांनी त्या आठवड्यात जिवाचं रान केलं. ड्यूटी संपल्यावरही स्टूल ओढून बसायच्या.

“म्हणा, पाणी. पा… पा…”

“मे…”

“मे नाई वो माय, पा! ओठ मिटा. माझ्या ओठाकडे पाहा. पा…”

“मेल्या.”

“जाऊ द्या. पाणी आटलं.” मग स्वतःच हसायच्या. “तुमाले सांगू का? माझी सासूपण एवढ्या शिव्या देत नव्हती. पण ती मोजून बाईच्याच द्यायची.”

मला हसू यायचं. हसणं मात्र माझं पूर्ण होतं. अर्ध्या तोंडाचं, पण पूर्ण.

आठवडा सरत आला तेव्हा शेजारच्या खाटेवर पाष्टे आजी आल्या. वाळलेल्या चिंचेसारख्या, पण डोळे लुकलुकते. सोबत मुलगा विलास आणि सून. विलास टेम्पो चालवायचा. अंगानं आडवा, मिशा भरघोस, आणि आईपुढे एकदम लहान पोर.

सिस्टरांनी आजींना उंच बसवलं, चमच्यानं थोडंसं पाणी दिलं आणि गळ्यावर दोन बोटं ठेवून बघत राहिल्या. आजींना लगेच ठसका लागला. आवाज पाण्यात भिजल्यासारखा झाला.

“आज तोंडातून काही द्याचं नाई,” सिस्टर विलासला म्हणाल्या. “पाणी नाई, चहा नाई, काहीच नाई. उद्या परत पाहू.”

“म्हंजे आईला उपाशी ठेवायची?”

“सलाइन हाये ना. ह्या दुखण्यात अंग गिळायचं विसरते, भाऊ. तुमी प्रेमानं घोटभर द्याल, तो पोटात जाणार नाई. छातीत जाईन. मंग निमोनिया. ह्याच्याच्यानं माणसं जातात, लकव्यानं नाई.”

“सलाइननं तहान भागते काय?”

“अंगाची भागते. मनाची भागवाले तुमी हाये ना. बसा, बोला आईशी.”

विलासनं मान हलवली. ती मान कशी हलली ते मी आडवी पडून नीट बघितलं होतं. ब्लाउजचा गळा खोल नको म्हणून सांगितलं की काही मुली अशीच मान हलवतात, आणि मग दुसऱ्या शिंप्याकडे जातात.

दुपारची भेटायची वेळ झाली. खोली माणसांनी भरली. हे खाली औषधं आणायला गेले होते. सिस्टर कोपऱ्यातल्या खाटेवर एकाला कुशीवर वळवत होत्या. आजी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत होत्या, आणि विलास ते बघत होता. आईचे सुकलेले ओठ बघत बसायचं आणि हातांनी काहीच करायचं नाही, हे आमच्याकडच्या मुलाला कोणी शिकवलेलं नसतं. त्यानं सुनेकडे बघितलं. सुनेनं पिशवीतून टॉवेल काढला आणि टॉवेलातून थर्मास. बशीत चहा ओतला गेला. मला वास आला, आल्याचा.

“आये,” विलास हळूच म्हणाला, “दोन घोट घे वायंच. कोण बघत नाय.”

मी बघत होते.

“मेल्या!”

तो एवढा दचकला की चहा त्याच्या मनगटावर सांडला. “ओ बाई! काय झालं?”

मी डावा हात उचलून बशीकडे दाखवलं. “मेल्या! मेल्या!”

“आजारी माणसाच्या उशाशी बसून मेल्या मेल्या करतेय अवदसा!” सून पुढे झाली. तिनं बशी टेबलावर, पडद्याच्या आड सरकवली. “सकाळधरनं ऐकतेय मी. आमच्या म्हातारीचं काय वाईट व्हायचं तर हिच्या तोंडानं व्हायचं.”

“सिस्टर!” विलास गरजला. “ह्या बाईला इथनं हलवा आधी. नायतर आमी आईला घेऊन जातो. दवाखाना हाय का काय हाय हा?”

माणसं जमली. लांबच्या खाटेवरचा कुणीतरी म्हणाला, खरं आहे, आम्हालाही त्रास होतो. मी आणखी मोठ्यानं ओरडले. दुसरं काय होतं माझ्याकडे? सगळ्यांना तोच शब्द ऐकू येत होता, जो ते रोज ऐकत होते. हात कुठे होता ते कोण बघतो.

सिस्टर धावत आल्या. आदल्या दिवशीची ड्यूटी जोडून त्यांची ही दुसरी ड्यूटी होती, दुसरी नर्स रजेवर. केस सुटलेले, डोळे लाल. त्यांनी बघितलं ते एवढंच: मी, म्हणजे त्यांची भुवडबाई, चेहरा लाल करून ओरडतेय आणि एक टेम्पोवाला भांडायच्या बेतात आहे.

“भुवडबाई, बस करा आता! सगळे पेशंट घाबरून राह्यले.”

“मेल्या!”

“कळलं मले. चला, जरा बाहेर वऱ्हांड्यात हवा खाऊ.” त्यांनी पायानं खाटेच्या चाकाची खीळ सोडली आणि खाट दाराकडे ढकलायला लागल्या.

खाट वळली तशी सिस्टरांच्या खांद्यावरून मला मागचं दिसायला लागलं. भांडण मिटलं म्हणून माणसं पांगली होती. सुनेनं एका हातानं आजींची मान उचलली होती, दुसऱ्या हातात बशी होती. आजींनी ओठ पुढे केले. भुरका ओढला, अधाशासारखा, तहानलेल्या माणसानं ओढावा तसा.

तोपर्यंत मी विलासवर चिडले होते. आता मी चिडले ती सिस्टरांवर, आणि ते चिडणं वेगळं होतं. विलास परका होता. पण ही? माझ्या डोळ्यांवरून सगळं कळतं म्हणून डॉक्टरांशी भांडणारी ही बाई, माझ्या तोंडासमोर उभी राहून, माझ्याकडे बघतच नाही? खाट ढकलते? मला म्हणायचं होतं, ‘मागे बघ, मेले!’

‘मागे बघ’ आतच राहिलं. बाहेर आलं ते एवढंच.

“मेले!”

खाट दोन पावलं पुढे गेली आणि थांबली.

“काय म्हणाल्या?”

“मेले!”

सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. मग माझे डोळे जिकडे लागले होते तिकडे त्यांनी मान वळवली.

त्यानंतरचं फार भराभर झालं. बशी फुटली. “सरका! सरका म्हणते ना!” आजींचा चेहरा निळसर पडला होता आणि त्यांना खोकताही येत नव्हतं. सिस्टरांनी त्यांना एका झटक्यात उठवून पुढे वाकवलं, पाठीत थापा मारल्या, मावशींनी घशातलं ओढून काढायचं नळीचं यंत्र ओढत आणलं. ते यंत्र घरघरायला लागलं. सुनेनं भोकाड पसरलं. विलास हातात थर्मास धरून भिंतीला टेकून उभा होता, आणि एवढा आडवा माणूस त्या भिंतीवर कुणीतरी टांगून ठेवल्यासारखा दिसत होता.

मग आजी खोकल्या. घाणेरडा, ओला, भला मोठा खोकला. त्याच्याइतका चांगला आवाज मी त्या खोलीत कधी ऐकला नव्हता.

सिस्टरांनी श्वास मोजले, छातीला नळी लावून ऐकलं, डॉक्टरांना फोन केला. हात धुतले. मला वाटलं, आता विलासची धडगत नाही. त्यालाही तेच वाटलं असणार. त्यानं खाली मान घालून दोन्ही हात जोडले.

सिस्टरांनी एक वाटी आणली, त्यात पाणी, आणि कापसाचे बोळे. बोळा बुडवून, घट्ट पिळून, त्याच्या हातात दिला.

“हे घ्या. आईचे ओठ पुसा. जीभ पुसा. पिळून घ्या, थेंब घशात जाता कामा नाई. ओठ सुकले का परत. हे काम तुमचं. दुसऱ्या कोणाले देऊ नका.”

विलास स्टुलावर बसला. टेम्पोचं स्टिअरिंग धरणाऱ्या त्या जाड बोटांनी त्यानं आईचे ओठ पुसले. आजींनी डोळे मिटून घेतले. संध्याकाळी मावशी लादी पुसायला आल्या तरी तो तिथून उठला नव्हता. पाय तेवढे वर उचलले त्यानं.

सिस्टर माझी खाट परत जागेवर लावायला आल्या. खीळ बसवली. चादर सारखी केली. मग कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभ्या राहिल्या, आणि एवढा वेळ कोरडे राहिलेले त्यांचे डोळे भरून आले.

“बाईची दिली वो!” त्या म्हणाल्या. “शेवटी बाईची दिली!”

मला तोपर्यंत कळलंच नव्हतं.

सोमवारी डॉक्टर आले. आजींच्या छातीचा फोटो बघितला, थोडक्यात बचावल्या म्हणाले. मग माझ्या खाटेशी आले आणि पेन काढलं, लिहायलाच. हे स्टुलावरून उठून उभे राहिले.

“सर, सुधारणा हाये,” सिस्टर म्हणाल्या.

“नवा शब्द?”

“नवा शब्द.”

“कोणता?”

“मेले.”

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. “सिस्टर, ही तीच शिवी आहे.”

“शिवी तीच हाये, सर. पण आधी बाप्याले अन् बाईले एकच होती. आता निवडून देऊन राह्यल्या. तुमीच पाहा.”

डॉक्टरांनी मावशींकडे आणि मग पलीकडच्या विलासकडे बघितलं. ते सगळे काम सोडून बघत होते. त्यांचा नाइलाज झाला. त्यांनी सिस्टरांकडे बोट दाखवलं. “ताई, ह्यांना काय म्हणाल?”

कपाळाला घाम फुटला. कपाटात हात घातला. चाचपलं. “मे… मेले.”

“आणि मला?”

“मेल्या.”

खोलीत हसू फुटलं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी विलासकडे बोट केलं. “मेल्या.” मावशींकडे. “मेले.” मग पाष्टे आजींकडे.

मी गप्प राहिले.

“म्हणा. ह्यांना?”

मी मान हलवली. नाही.

“पाहा सर,” सिस्टर हळूच म्हणाल्या, “मोठ्या माणसाले नाई म्हणत. मान ठेवतात.”

डॉक्टर पेनाचं टोपण दातांत धरून बराच वेळ उभे होते. मग ह्यांच्याकडे वळले. “भुवड, हाच शब्द का? त्या पडल्या तेव्हा नक्की काय चाललं होतं?”

ह्यांनी बटण चाचपलं. एक नाही, ओळीनं सगळी चाचपली.

“मी कौलांवर होतो,” हे म्हणाले. “फुटकी कौलं बदलत होतो. ही खाली अंगणात. मला म्हणत होती, उतर म्हणून. म्हणजे तसंच काहीतरी. मेल्या म्हणाली, आणि पुढचं आलंच नाही.”

“रागात होत्या?”

“नाही हो. ती मला तेच म्हणते.”

“काय?”

“मेल्या.” हे आता सरळ जमिनीशी बोलत होते. “चारचौघांत अहो म्हणते. घरात दोघंच असलो की मेल्या. लग्न झालं तेव्हापासून. नोकरीत खांबावर चढायचो ना, रात्री घरी आलो की म्हणायची, आलास मेल्या? म्हणजे… बरं वाटायचं.” मग म्हणाले, “इथे सगळ्यांना वाटायचं ती शिव्या देते. मला वाटायचं हाक मारते. म्हणून मी कुठे लांब जात नव्हतो.”

विलासनं बोळा पिळला, त्याचं पाणी वाटीत पडलं तेवढा आवाज.

डॉक्टरांनी माझ्या कागदावर काय लिहिलं ते मला दिसलं नाही. खाट राहिली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. पाणी आलं, पेज आली, सुई आली, दोरा आला. उजवा हात कात्री धरतो, सरळ कापतो; गळ्याचा गोल मात्र अजून डाव्यानं सांभाळून घ्यावा लागतो. वाक्यं लांब झाली की मी मध्येच अडखळते. लोकांना वाटतं विचार करून बोलते. तेवढाच फायदा.

त्या खोलीत आता खाटा वाढल्यात. नवा रुग्ण आला की सिस्टर वानखडे आधी त्याच्या माणसाच्या हातात वाटी आणि कापूस देतात. “नातेवाइकाचा हात रिकामा ठेवला का तो थर्मासकडे जाते,” असं नव्या नर्सना शिकवतात. भांडणं कमी झाली, आमचीपण पाठ जरा टेकते, म्हणतात. मी तपासायला गेले की अजून लांबूनच हाका मारतात, “काय म्हंता, भुवडबाई?” आणि मी काही म्हणायच्या आत, “नका म्हणू, पेशंट हायेत!”

एक गोष्ट मात्र सिस्टरांनाही सांगितली नव्हती. सगळे शब्द परत आले तसा तो एक गेला. मेले जमायचं, मांजराला मेलं जमायचं. पण दिवस मावळल्यावर हे बाहेरून येऊन चपला काढायचे, घरात दोघंच असायचो, आणि मी हात घालायचे तर तिथे कापडच नाही. “आलात?” एवढंच म्हणायचे. हे म्हणायचे, “आलो.” आणि बटण चाचपत पाय धुवायला जायचे. बोलले कधी नाहीत.

मग एका वर्षी पावसाआधी पुन्हा कौलं काढायची होती. माणूस लावा, असं मी सांगून बघितलं. ऐकतील तर ना. शिडी लावून चढले. मी खाली अंगणात, डाव्या हातानं शिडी धरून. हे वर आढ्यापर्यंत गेले आणि एका तडकलेल्या कौलावर पाय ठेवला. ते कौल करकरलं, अर्धं निखळून माझ्या पायाशी येऊन फुटलं.

“मेल्या, खाली उतर!”

अख्खं आलं. मध्ये कुठे अडलं नाही, तुटलं नाही. मी पडले त्या दिवशी अंगणात अर्धं राहिलेलं वाक्य, त्याच जागी.

वर काहीच हालचाल नाही. मी डोळ्यांवर हात धरून बघितलं. हे आढ्याला धरून, आहे तिथेच कौलांवर बसले होते. उन्हात तोंड दिसत नव्हतं.

“काय म्हणालीस?”

“खाली उतर म्हटलं.”

“त्याच्या आधी.”

“मेल्या,” मी म्हणाले.

“परत म्हण.”

मी परत म्हटलं. पाच-सहा वेळा म्हटलं असेन, वाडीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. तरी उतरला नाही मेला.